साडेसहाशे किलोमीटर

अण्णांची सगळी हयात नकाशे काढण्यात गेली होती. त्यामुळे लेकाच्या फोनांचा हिशेब लागेना, तशी त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लेक दर महिन्याला ऑफिसच्या कामाला म्हणून ज्या शहराला जायचा, तिथे विमानाला अडीच तास लागतात. पण विमान सुटताना एक आणि उतरल्यावर एक, या त्याच्या दोन फोनांत जेमतेम सव्वा तास जायचा.

"वारा पाठीशी होता, अण्णा."

"दर महिन्याला?"

लेक खोटं बोलायला शिकला होता, पण पोचल्याचा फोन करायची अण्णांनी लावलेली शिस्त काही सुटली नव्हती. कार्टं शेण खातंय तरी कुठे?

अण्णांनी कंपास काढला. चढण्या-उतरण्याची वीस मिनिटं वजा केली, विमानाचा वेग धरला आणि भिंतीवरच्या नकाशावर घराभोवती साडेसहाशे किलोमीटरचं वर्तुळ मारलं. विमान उतरेल असं एकच शहर त्या रेघेवर आलं. अकरा वर्षांपूर्वी भांडून गेलेली त्यांची बायको तिथेच राहत होती.

अण्णांनी वर्तुळ खोडरबरानं नीट पुसून टाकलं.

पुढच्या महिन्यात लेक बॅग भरायला लागला, तेव्हा अण्णा दारात घुटमळले.

"ऑफिसच्या कामाला ना?"

"हो."

"मग ऑफिसला एक विचारून ये. म्हणावं, पुढच्या खेपेला वडिलांना घेऊन आलो, तर चालेल का?"