आतला पाट

“ऊठ पाटावरनं, म्हातारे,” सिद्धलिंगप्पा म्हणाला.

“कामून?”

एवढं विचारून सरुबाईनं पाट उलट पुढं ओढला, गाठोडं मांडीशी ठेवलं आणि पदर सारखा केला.

बसवकल्याणच्या स्टँडमागं सिद्धलिंगप्पाची ही खानावळ निजामाच्या काळातली. आत समोरासमोर दोन ओळी, सोळा पाट. बाहेर भिंतीला लागून दगडी कट्टा, आणि कट्ट्यावरच्या कोनाड्यात चार जर्मनच्या ताटल्या पालथ्या घातलेल्या. नवखं माणूस आलं की सिद्धलिंगप्पा गोड आवाजात विचारायचा, “कुणाच्यातले, अण्णा?” उत्तर आलं की बोटानं जागा दाखवायचा. आत बसणाऱ्यांची ताटं खानावळीची बाई घासायची. कट्ट्यावरच्या माणसानं आपली ताटली आपणच धुऊन परत पालथी घालायची. चौऱ्याहत्तर साल उजाडलं, पण रीत काही बदलली नाही.

सरुबाईलाही त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली, “कोहिनूर गावची. बौद्ध.” लपवालपवी नाही, काही नाही. आणि बोटाकडं न बघता सरळ आत येऊन बसली. याला म्हणायचं छाती.

“कट्ट्यावर सावली हाय,” सिद्धलिंगप्पा आवाज उतरवून म्हणाला. “गरम भाकरी देतो. झुणका वाईच जास्त घे. पण आत न्हाई जमायचं.”

“जास्त कशाला? जेवढं ह्यांना वाढायलास तेवढंच वाढ. ह्यांच्याच पंगतीत. सत्तरीला टेकले मी, अप्पा. बाहीर बसून लई जेवले. आज आत बसून जेवणार, त्याबिगर हलायची न्हाई.”

पंगतीत सातजण होते. सगळ्यांचे हात थांबले. स्वयंपाकघराच्या दारातून सिद्धलिंगप्पाची बायको चन्नव्वा डोकावली. तिचे हात पिठानं भरलेले. “दोन भाकरी घाला की तिला. म्हातारं माणूस,” ती म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले तशी ती चुलीकडं वळली.

सरुबाईच्या बरोबर समोर हणमंतराव बसले होते. बाजारातल्या कापड दुकानात कापड मोजायचे. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं बेताचं. सात वर्षं दोन्ही वेळचं जेवण इथंच. मूळचे उदगीरकडचे म्हणत, पण तिकडं कुणी उरलं नव्हतं म्हणे, त्यामुळं सणावारालाही ते इथंच. त्यांचं सोवळं मात्र भारी कडक. जेवण झालं की आपल्या ताटाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः मोरीवर जाऊन घासायचे, धुवायचे, पालथं घालायचे. सिद्धलिंगप्पाला त्याचं केवढं कौतुक! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, “शुद्धपणा बघायचा तर हणमंतरावांचा बघा.”

म्हातारी आत आल्यापासून हणमंतरावांच्या तोंडात घास गेला नव्हता. मान खाली घालून बसले होते. किळस आली असणार बिचाऱ्यांना.

“हिला कुणी तरी शिकवून धाडलंय,” पलीकडून निंगप्पा म्हणाला. हा मिरचीचा व्यापारी. “ये म्हातारे, हितं वळखीचं हाय का कुणी तुझ्या?”

सरुबाईनं पंगतीवरून सावकाश नजर फिरवली. एकेक तोंड बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “माझं हितं कुणीबी न्हाई.”

“मग कुणाच्या जिवावर बसलीस?”

“माझ्या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. निंगप्पा तापला. “अप्पा, हिला वाढलंस तर उद्यापासनं आमचं जेवण दुसरीकडं. सांगून ठेवतो.”

आता आली का पंचाईत! हात धरून बाहेर काढावं, तर धरणार कोण? शिवणार कोण? सातजण आणि सिद्धलिंगप्पा आठवा, पण म्हातारीच्या हातभर अंतरावर जायची एकाचीही तयारी नाही. सरुबाईला ते बरोबर ठाऊक होतं. ती निवांत बसून राहिली, रिकाम्या जमिनीसमोर.

“हणमंतराव,” सिद्धलिंगप्पा काकुळतीला येऊन म्हणाला, “तुम्ही तरी सांगा हिला. तुमच्यासारख्यानं सांगितलं तर ऐकंल.”

हणमंतराव उठले. ताट तसंच भरलेलं, ते दोन्ही हातांनी उचललं. सिद्धलिंगप्पाला वाटलं, सात वर्षांचं सोन्यासारखं गिऱ्हाईक म्हातारीपायी उठून चाललं!

पण हणमंतराव दाराकडं गेले नाहीत. दोन ओळींच्या मधून चालत ते सरुबाईसमोर येऊन उभे राहिले. तिनं मान वर केली नाही.

“जा बाबा तू,” ती हळू म्हणाली. “जाऊन आपल्या जाग्यावर बस. भाकरी गार व्हायलीय तुझी. मी काय उठत न्हाई.”

हणमंतरावांनी हातातलं ताट तिच्यापुढं ठेवलं. तिचं गाठोडं उचलून बाजूला केलं, शेजारचा पाट ओढला आणि खांद्याला खांदा लावून बसले.

“अहो, शिवलात की तिला!” निंगप्पा ओरडला. “हणमंतराव!”

“कोण हणमंतराव? मी ज्ञानोबा, कोहिनूरचा,” ते म्हणाले. “हे ताट माझ्या आईला झालं, अप्पा. मला दुसरं वाढा. अन् आज दोन्ही ताटं तुम्ही धुवा.”