उंबऱ्यापासून गादीपर्यंत

करियाचे मागचे पाय पुन्हा फाकले आणि तो फरशीच्या मधोमध पोटावर आपटला.

"ऊठ रे राजा, ऊठ. ये हिकडं," महादेवप्पांनी गादीवरूनच हाक मारली. म्हातारं कुत्रं धडपडत उठलं. नखं खरखर वाजली. दोन पावलं, की पुन्हा घसरलं.

लुगडी घ्यायला मोहोळहून आलेले मडिवाळप्पा खदखदून हसले. "अप्पा, पायात चाळ बांधा की ह्याच्या! तंबू ठोकू, तिकीट लावू!"

महादेवप्पाही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायची सवयच होती. पण करियानं मान वर करून पाहिलं, आणि त्यांनी हसू आवरलं.

शुक्रवार पेठेतल्या त्या दुकानाची जमीन शेणानं सारवलेली होती, तेव्हा हाच करिया डोळे मिटून उंबऱ्यापासून गादीपाशी यायचा. घोंगड्यात गुंडाळून आणलेलं काळंभोर पिल्लू ते. आता तोंडावर पांढरं फुटलेलं, ज्वारीला फुलोरा यावा तसं. दिवाळीत महादेवप्पांनी शहाबादी फरशी बसवली. आरशासारखी चमकावी म्हणून रोज तिला खोबरेल चोळायला लावलं. येणारे-जाणारे वाखाणायचे. करिया तेवढा घसरायचा. घसरायचा, आणि तरी यायचा.

मडिवाळप्पा गठ्ठा घेऊन गेले. करिया पडल्याचा आवाज ऐकून आतून महादेवप्पांची बायको चंद्रव्वा आली. तिनं करियाला कवेत उचललं, उंबऱ्याशी नेलं आणि त्याचे पाय चोळत बसली. महादेवप्पा जागचे हलले नाहीत. धंद्याच्या वेळी मालकानं गादी सोडली तर लक्ष्मी उठून जाते, असं वडील सांगत.

"मी हसाय नको होतं गं," ते हळूच म्हणाले.

चंद्रव्वानं करियाचा दुसरा पाय चोळायला घेतला.

"उद्यापासनं तेल बंद. फरशी राखेनं घासून घेऊ. दारापासनं थेट माझ्यापर्यंत गोणपाट अंथरू. त्याची नखं बी लई वाढलीती, कापू." त्यांनी गादीवरूनच करियाकडं पाहिलं. "मग येईल की न्हाय गं त्यो, न पडता?"

त्यांचा आवाज ऐकून करियानं कान टवकारले. चंद्रव्वाच्या हातातून सुटायची धडपड करत त्यानं थरथरता पंजा पुन्हा फरशीवर टेकवला.

तिनं त्याला पोटाशी घट्ट धरलं.

"येईल की. जल्मभर त्योच येतोय तुमच्याकडं. एकदा तुमी या."