लाल चिंधी

मोठ्या जावेने पिल्लू मुठीत उलटं धरलं, शेपटीखाली अंगठ्याने हलकेच दाबलं, बल्बच्या उजेडात क्षणभर पाहिलं आणि धाकटीच्या टोपलीत टाकलं. पुढचं स्वतःच्या टोपलीत. मग पुन्हा धाकटीच्या. नर की मादी, तोंडातून अक्षर नाही.

धाकटी जाऊ समोर बसून डोळे फाडून बघत होती. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. अंड्यांसाठी पाळायची जात ही, सगळी पिल्लं सारखीच पिवळी. हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लांतून नर आणि मादी वेगळे काढणं हेच मोठीचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. न निवडलेल्या पिल्लांचं खोकं तिनेच आणलं होतं, दोघींत वाटून घ्यायला. धाकटीला स्वतःची अशी कमाई नव्हती. साधी पिन हवी असली तरी नवऱ्यापुढे हात पसरावा लागे. आता अंडी विकायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

वाटणी झाल्यावर मोठीने धाकटीच्या टोपलीला लाल चिंधी बांधली.

"ही तुझी. माझ्यात मिसळू देऊ नकोस हं," म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

त्या हसण्याने धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. पिल्लात पिल्लू मिसळलं तर हिचं काय बिघडतं? ओळखणारी हीच, वाटणारीही हीच. आपल्या पोळीवर तूप ओढायला कोणाला आवडत नाही?

दुपारी मोठी कामावर गेली. ओसरीत एकाच बल्बखाली दोन्ही टोपल्या उबेला ठेवलेल्या होत्या. धाकटीने टोपल्यांच्या जागा बदलल्या, लाल चिंधी सोडली आणि दुसऱ्या टोपलीला बांधली. गाठही अगदी तशीच मारली.

पिल्लं वाढली. धाकटीच्या खुराड्यात तुरे लाल झाले, शेपट्या वाकल्या आणि एका सकाळी एकाने आरवून निकाल सांगून टाकला. पाठोपाठ बाकीच्यांनीही गळे साफ केले. नवरा म्हणाला, आता घरात घड्याळाची गरज नाही. भिंतीपलीकडे मोठीच्या कोंबड्या मात्र अंडी घालून कलकलाट करत होत्या.

धाकटीचा जळफळाट झाला. मोठीने चिंधी ओळखली असणार आणि गुपचूप परत फिरवली असणार, दुसरं काय! चोराच्या मनात चांदणं, ते असं. पण विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आधी स्वतःचीच गाठ सुटली असती. तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मोठी समोर आली की ती काहीतरी काम काढून आत जायची.

एक दिवस मोठीच अंड्यांनी भरलेली टोपली घेऊन दारात उभी राहिली. खिजवायला आलीय, धाकटीला वाटलं. मोठीने टोपली तिच्यापुढे ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. डोळे रडून सुजले होते.

"सगळ्या माद्या मी तुझ्या टोपलीत टाकल्या होत्या गं," ती म्हणाली. "तुझ्या हाताशी स्वतःचं काहीतरी असावं म्हणून. आणि झालं भलतंच. नजर गेली माझी."

हॅचरीतही आता पिल्लागणिक हात अडखळतो, ती सांगत राहिली. लोक डोळे मिटून तिने निवडलेली पिल्लं नेतात, त्यांना कशाला फसवायचं? काम सोडते म्हणून मालकांना सांगायला ती निघालीच होती. जाता जाता ही अंडी द्यायला थांबली.

लाजेने धाकटीला मान वर करवेना.

मोठीने उठता उठता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"दुसरी कोणी असती तर मला चोर ठरवून मोकळी झाली असती. तू मात्र एका शब्दाने संशय घेतला नाहीस."