बी न धरणारं गवत

अदितीनं पुन्हा मोजलं. सत्तावीस. त्यातल्या एका गुणसूत्राचं टोक तुटलेलं.

"ही मुळं कुठली?" तिनं विचारलं.

"कोलार रोडच्या मागची, नाल्यावरच्या पुलाजवळची," तिची विद्यार्थिनी नेहा म्हणाली. "काही गलत झालं का, मॅडम?"

अदितीनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हे गवत तिच्या बाबांचं होतं.

यशवंतरावांनी कॉलेजात शिकवता शिकवता जन्मभर रानगवतांची नाती शोधली. कोण कुणापासून निघालं, हा एकच ध्यास. हा ठोंब त्यांना रायसेनकडच्या एका टेकडीवर सापडला होता, दोन जातींच्या संकरातून आलेला. नऊ-नऊ गुणसूत्रांचे तीन संच, त्यातल्या एका गुणसूत्राचं टोक तुटलेलं. तिसऱ्याला जोडीदार नाही, म्हणून बी धरत नाही. कुणी कांडी तोडून लावली, तरच ते दुसरीकडे वाढायचं. पुढे ती टेकडी खाणीत गेली. उरली पिपलानीच्या क्वार्टरमागची एक कुंडी.

दोन वर्षांपूर्वी यशवंतराव सकाळी फिरायला गेले ते परतलेच नाहीत. त्याच आठवड्यात कुंडीही रिकामी दिसली. तेच घेऊन गेले असतील, असं आई म्हणाली. अदितीनं पोलीस ठाण्यात खेटे घातले, उज्जैनपर्यंतच्या नातेवाइकांकडे विचारून झालं. आईनं, मीनानं, मात्र सहा महिन्यांतच मंगळसूत्र काढून ठेवलं. त्यावरून मायलेकी कित्येक दिवस बोलत नव्हत्या.

आणि आता हे गवत, कुणीतरी हातानं लावलेलं. म्हणजे बाबा जिवंत होते. याच शहरात होते.

तिनं स्कूटर काढली आणि थेट पूल गाठला. पलीकडे मोकळा प्लॉट होता. भर उन्हात सगळं वाळून गेलेलं, तेवढाच एक लांबट वाफा हिरवागार. माती ओली होती. आजच कुणीतरी पाणी घातलेलं.

"बाबा," तिनं हळूच हाक मारली. वारा नव्हता, तरी पाती हलल्यासारखी वाटली.

मुळं घ्यायला तिनं खुरपं काढलं, पण तिला राहवेना. तिनं घरी फोन लावला.

"आई, बाबांचं गवत सापडलं."

मीनानं शांतपणे विचारलं, "पुलाजवळचं?"

"हो. तुला कुणी सांगितलं?"

"खणू नकोस तिथं, अदू."