भाच्यावर उगारलेला हात

"घोडा तिथं नाहीच, मामा," दुमान म्हणाला आणि अरुंद वाटेवर दोन पावले मागे सरला.

मोटारीचे इंजिन तापले नसते, तर हे दोघे दरीत उतरलेच नसते. गाडी दरीभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी निवत ठेवून, तेवढीच सावली मिळेल म्हणून ते तांबड्या कड्याला लगटून, नदीच्या बऱ्याच वरून जाणाऱ्या वाटेने चालत आले होते. थंडी तोंडावर आलेली, तरी दुपारचे ऊन कडक होते. दरीत चिटपाखरू नव्हते. मामा, सेइतकाली, शर्यतीच्या मैदानाकडे निघाला होता, तो आपल्या बोझताय घोड्याला धावताना पाहायला. शिंगरू असल्यापासून त्याने वाढवलेला तो घोडा वसंतात त्याने भाच्याच्या हवाली केला होता.

"नाही म्हणजे?"

"कसायाला दिला. पाय अधू झाला होता त्याचा."

"कोणता पाय?"

 दुमान खांदे उडवून म्हणाला, "आता काय फरक पडतो? लोकांच्या हंड्यात शिजलाही असेल."

सेइतकालीने त्याची गचांडी धरून त्याला कड्यावर आदळले. दोघांच्या डोक्यांवर माती ओघळली. मूठ उगारली गेली आणि हवेतच थांबली.

दाताखाली चिरलेल्या ओठाने दुमान हसला. "मारा की! बहिणीच्या पोराला मारणाऱ्याचा हात थरथर कापतो जन्मभर. आजोबा सांगायचे. तुमचेच वडील!"

हा दंडक त्या मुलुखात कोणी मोडत नसे. सेइतकालीनेही मोडला नव्हता. त्याने मूठ उघडली, गचांडी सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"हात म्हणाले होते ते. पायाचं काही बोलले नव्हते."

पहिली लाथ पोटात बसली. दुसरी बरगडीवर, हाड मोडल्याचा आवाज त्या निःशब्द दरीत फिरून परत आला. तिसऱ्या लाथेसरशी दुमान वाटेच्या काठावर लोळत गेला, आणि भुसभुशीत काठ त्याच्यासकट निखळला.

सेइतकाली पोटावर पडून खाली डोकावला. भाचा एका वाळल्या झुडपाच्या मुळीला लोंबकळत होता. त्याच्या पायांखाली, पुष्कळ खाली, नदी होती.

"मामा!"

सेइतकालीने हात खाली केला. हात कापत होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरले. तरीही कापतच राहिला.

दुमानने त्या हाताकडे पाहिले आणि मुळी अधिकच घट्ट आवळली. "नको, मामा. हा हात नको. सुटेल तो."

"मग पाय धर, गाढवा!"

सेइतकाली उलटा फिरला. वाटेवरच्या खडकाला त्याने दोन्ही कोपरांनी मिठी घातली आणि एक पाय काठावरून खाली सोडला. दुमानने बूट पकडला, तोच मुळी कडकन तुटली. दुमानचे सगळे ओझे बुटावर आले.

बूट सैल होता. सेइतकालीने आत पायाची बोटे आवळून धरली.