एक बुडबुडासुद्धा

सिमेंटच्या कारखान्यात पकडलेला कार्बन डायऑक्साइड वायू जहाजाने आणून बर्गन शहराजवळच्या समुद्रतळाखाली पुरायचा, हे आस्लाकचं काम. सुट्टीवर घरी आला, की आई त्याच्या पानात गरम वॉफल आणि तपकिरी चीज वाढायची, आणि चिडवायची.

"तुझे बाबा पाइप ओढायचे, तो धूर आपला खिडकीतून जायचा. तुमच्या धुराला मेलं जहाज लागतं!"

"हस तू, आई. पण तळाखाली तो कुठे सरकतो, ते आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. आमच्यानंतर आमची पोरं बघतील. या समुद्रात एक बुडबुडासुद्धा हरवू देत नाही!"

वाढता वाढता आईचा हात थांबला.

"तुझे बाबा याच पाण्यात हरवले, तेव्हा आठवड्याभरात शोध थांबवला होता रे."