बाराक्षार

वेदिका न्हाणीत गेल्याचा आवाज आला तशी हौसाने सुनेच्या कपाटातली कुंकवाची जुनी डबी उघडली. आतल्या गोळ्या पदरात ओतल्या आणि आपल्या बाटलीतल्या बाराक्षाराच्या गोळ्या डबीत भरल्या. सारख्याच दिसत होत्या. लहान, गोल, पांढऱ्या.

बाराक्षाराने कुणाचं वाईट होत नाही. दात येणाऱ्या पोरांनाही देतात.

शेजारच्या तुळसाने तिला सावध केलं होतं. आताच्या मुली मूल नको म्हणून गोळ्या घेतात, भलत्याच डबीत लपवतात, ठरल्या वेळी गुपचूप गिळतात. वेदिकाचं सगळं तसंच होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. रितेश मुंबईला नोकरीत. महिन्याकाठी मिरजोळ्याला यायचा आणि मुलाचा विषय निघाला की हसून उठायचा. हौसाला नातवंड हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रितेश शिमग्याला आला. पाच दिवस राहून गेला.

मग मीठ.

वेदिका भातावर वरून मीठ घ्यायला लागली. खारातली कैरी बरणीतून काढून उभ्या उभ्या खायची, वर ते खारं पाणीही प्यायची. हौसा दाराआडून बघायची आणि देवापुढे हात जोडायची. दिवसांचा हिशेब नीट जुळत नव्हता. तिने तो जुळवून घेतला.

मग रंग. पोर काळवंडली. तळहाताच्या रेघांतसुद्धा काळी झाक आली. तुळसा म्हणाली, मुलगा असला की बाई अशीच होते.

मग ओकारी.

वेदिका परसातल्या दगडावर बसून राहिली. हौसा लिंबू घेऊन गेली. पाळीही लांबलीय, असं वेदिका खाली बघत म्हणाली. एकदा रत्नागिरीला जाऊन डॉक्टरांना दाखवू या का, असंही तिने विचारलं.

"तिसरा सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नसतं गो बाय," हौसा म्हणाली. "दृष्ट लागते. दवाखान्यात निम्मं गाव भेटतं."

"रितेशला तरी?"

"त्याला तर नकोच. त्याच्या पोटात काय राहतं?"

वेदिका हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा सासूला बिलगली. तिचे हात गार होते. हौसाने मनात ठरवलं, बारशाला हिला डबीची गोष्ट सांगायची. दोघी पोट धरधरून हसू.

त्यानंतर चौथ्या दिवशी वेदिका अंथरुणातून उठलीच नाही. हाका मारल्या तर डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. रिक्षाने तिला रत्नागिरीला नेलं. रितेश डॉक्टरांशी फोनवर बोलून मिळेल त्या गाडीने निघाला. पोचला तोवर ऊन कलत होतं.

डॉक्टर बाहेर आल्या आणि वेदिका गेल्याचं त्यांनी सांगितलं. रितेश भिंतीला टेकून खाली बसला. त्यांनी विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का? एकही दिवस नाही, तो म्हणाला. डॉक्टरांना ते पटेना. तिच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होत्या, त्यांचं काम ती स्टेरॉइडची गोळी करायची. गोळी पोटात जात असती, तर अंगातलं मीठ उतरलं नसतं, कातडी काळवंडली नसती, रक्तदाब असा कोसळला नसता.

हौसाने पदर घट्ट धरला.

"आणि बाळ?" तिने विचारलं.

"बाळ नव्हतं, आजी."

मग रितेश जमिनीकडे बघतच बोलायला लागला.

"आजारी पोर गळ्यात मारली म्हणशील म्हणून गोळ्या तुझ्यापासून लपवायची. मूल हवं तर आधी वर्षभर गोळी चुकवू नका, तब्येत स्थिर राहू दे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हिने एक दिवस चुकवला नाही." त्याने मान वर केली. "शिमग्यालाच वर्ष भरलं गं, आई."